फ्रीमेसनरी : गूढतेचे वलय आणि प्रवेशाचा प्रश्न
फ्रीमेसन मंडळींच्या सभागृहांना उत्तर हिंदुस्थानात 'जादूघर' म्हणत. वस्तुतः त्यांची पहिली ग्रँड लॉज लंडनमध्ये १७१७ साली स्थापन झाली; १७२३ मध्ये तिची घटना छापली गेली, आणि १७३० मध्ये सॅम्युअल प्रिचर्डने दीक्षाविधीही प्रसिद्ध केले. तेव्हा या संस्थेचा खरा प्रश्न गूढतेचा नसून प्रवेशाचा होता. विश्वबंधुत्व सांगणाऱ्या या मंडळींत एतद्देशीयांना सहजी स्थान नव्हते. मुंबईत डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ साली त्यांच्यासाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज काढली. कलकत्त्यात मात्र हिंदू अनेकदेवतावादी असल्याचा आक्षेप निघाला. प्रसन्नकुमार दत्त यांना १८७२ मध्ये प्रवेश मिळाला, तो दीर्घ झगड्यानंतर. मुंबईतच १८४९ साली दादोबा पांडुरंग प्रभृतींनी परमहंस सभा स्थापिली. तीही गुप्त होती. पण तिच्या सभासदांना भय होते जातिबहिष्काराचे. त्यांची नावे बाहेर फुटताच सभा विस्कटली. फ्रीमेसनांची रहस्ये छापली गेली, तरी लॉज टिकल्या. गुप्ततेचे मोल दोहोंकडे सारखे नव्हते, हे आपल्या प्रबोधनाच्या इतिहासकाराने ध्यानी घ्यावयास हवे.