वाटेवरची चूल : फाट्यांपासून गॅसच्या डबीपर्यंत

गेल्या वर्षी जुलैत माझी नात आणि तिच्या तीन मैत्रिणी मनालीहून हामटा खिंडीकडे निघाल्या. खिंड सुमारे ४,३०० मीटर उंचीवर. पाठीवर तंबू, तांदूळ, डाळ, आणि तळहातावर मावेल एवढा गॅसचा स्टोव्ह. स्टोव्ह इथूनच नेला होता, पण गॅसची डबी विमानात नेता येत नाही, ना हातातल्या पिशवीत, ना सामानात. म्हणून ती तिथल्याच एका दुकानातून घेतली. दुकानदार म्हणाला, "बसेल." पहिल्याच मुक्कामी, पाऊस पडत असताना, ती बसली नाही. स्टोव्हला आटे होते, डबीला नव्हते!

चौघी ओल्या कपड्यांनी कोरडे पोहे चघळत बसल्या. एकीला थंडी भरून आली. शेवटी जवळच मेंढरं घेऊन उतरलेल्या गद्दी मेंढपाळांनी त्यांना आपल्या शेकोटीपाशी बसवलं, चहा पाजला. दुसऱ्या दिवशी मुली शहाण्यासारख्या परत फिरल्या. घरी आल्यावर नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळी असं नव्हतं ना?" या प्रश्नानं मला जुन्या वाटांवर नेलं. त्यातलं थोडं या स्मरणिकेच्या वाचकांसमोर मांडतो.

चालणाऱ्याला शिधा पाठीवर नेता येतो, सरपण नेता येत नाही. ते वाटेत शोधावं लागतं, आणि वाट नेहमी कुणाच्या तरी गावातून जाते. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतल्या घोडदळाला लिहिलेलं पत्र आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचलं असेल. पावसाळ्यासाठी साठवलेल्या दाणागोट्याची उधळपट्टी करू नका, नाहीतर तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, कुणी दाणे आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी, असं त्यात बजावलं आहे. आणि त्या यादीत फाटेही आहेत, म्हणजे जळण. जे हवं ते बाजारातून विकत आणा, असा हुकूम. पुढे गवताच्या गंजीजवळ विस्तव नको, आणि जळती वात उंदीर पळवून नेईल म्हणून रात्री दिवा ठेवू नका, इतक्या बारकाईनं सांगितलं आहे. एका राज्यकर्त्याला चुलीची आणि विस्तवाची एवढी काळजी, कारण जळण हिसकावलं की रयतेची चूल विझते.

तेच १६७७ मध्ये महाराज कुतुबशहाच्या भेटीला आपल्या या भागानगरात आले तेव्हाही दिसलं. वाटेत रयतेच्या काडीलाही धक्का लागू नये, सगळं विकत घ्यावं, अशी सक्त ताकीद फौजेला होती असं सभासद सांगतो. इथून महाराज पुढे श्रीशैलला गेले. आजही उगादीला हजारो भाविक नल्लमलाच्या जंगलातून श्रीशैलची वाट पायी चालतात.

आपल्या दिलसुखनगरच्या बस डेपोसमोरून जाणाऱ्या रस्त्याचं एक टोक पुण्याला आणि दुसरं मछलीपट्टणमला आहे. वारकरी, परिक्रमावासी, व्यापारी, फौजा, सगळ्यांनी दख्खनच्या अशाच वाटा तुडवल्या. नर्मदा परिक्रमेत गावोगाव सदाव्रत मिळतं, म्हणजे कोरडा शिधा. शिजवायचं आपलं आपण, काटक्या गोळा करून. पंढरीच्या वारीत दिंडीच्या ट्रकबरोबर मोठी पातेली आणि आता सिलिंडर चालतात. एकटा चालणारा मात्र काटक्यांवरच अवलंबून, आणि पावसाळ्यात काटक्या पेटत नाहीत.

ही अडचण सोडवली स्वीडनमधल्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यानं. १८९२ मध्ये त्यानं बिनवातीचा, हवेच्या दाबावर चालणारा रॉकेलचा स्टोव्ह बाजारात आणला. तोच प्रायमस. आधी बर्नरच्या वाटीत स्पिरिट ओतून किंवा काकडा लावून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते, ती बारीक छिद्रातून जोरात बाहेर येते आणि निळ्या ज्योतीनं जळते. काजळी नाही, धूर नाही. त्याचा तो फर्र आवाज आमच्या पिढीच्या कानात अजून आहे, आणि कोनाड्यात ठेवलेली स्टोव्हची पिनही. लगेच १८९३ मध्ये नान्सेन उत्तर ध्रुवाकडे निघाला तेव्हा हा स्टोव्ह बरोबर होता. १९५३ मध्ये एव्हरेस्टवर हिलरी आणि तेनसिंग यांनी वरच्या तळावर बर्फ वितळवला तोही प्रायमसवरच.

उंचावर आणि ध्रुवावर बर्फ वितळल्याशिवाय पाणी नाही, म्हणजे इंधन संपलं की तहान आलीच. कॅप्टन स्कॉटची तुकडी १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना वाटेत पुरून ठेवलेल्या डब्यांमध्ये रॉकेल कमी भरलं. डब्यांच्या टोपणांतले चामड्याचे वॉशर थंडीत निकामी झाले होते आणि तेल हळूहळू निसटलं होतं. अमुंडसेननं आपले डबे डाक लावून बंद केले होते. स्कॉटच्या तुकडीच्या अंताला कारणं अनेक होती, पण त्यांत हे एक होतं. एवढ्याशा वॉशरची किंमत किती, हे तेव्हा जगाला कळलं.

आता माझी गोष्ट. सत्तरच्या दशकात आम्ही हैदराबादचे पाच विद्यार्थी रायगडावर गेलो. पितळी स्टोव्ह, आणि बाटलीत रेशनचं रॉकेल. बाटलीचं बूच सैल होतं, त्यामुळे महाडच्या एसटीत आमच्या रव्याला रॉकेलचा वास लागला आणि पुढचे दोन दिवस शिरा तसाच खाल्ला. उरलेलं तेलही सांडल्यामुळे पाचाडच्या दुकानात गेलो आणि इथल्या सवयीनं म्हणालो, "ग्यास तेल आहे का?" दुकानदार बुचकळ्यात. मग एकानं स्टोव्ह काढून दाखवला. "अहो, रॉकेल म्हणा की!" म्हणत त्यानं डब्यातून मापानं ओतून दिलं. नावं निराळी, कुठे रॉकेल, कुठे घासलेट, कुठे ग्यास तेल, पण वस्तू एकच, आणि ती प्रत्येक वाण्याकडे, कारण गावातले कंदीलही त्यावरच जळत. वाटसरूचं इंधन आणि गावाचं इंधन एक होतं. नातीच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे.

पुढे गावाची चूल बदलली. कोलकात्यात १९६५ मध्ये इंडेनचा गॅस सुरू झाला, घरोघरी १४.२ किलोचा सिलिंडर आला, कंदील गेले, वाण्याच्या दुकानातलं रॉकेलही गेलं. ते चांगलंच झालं. स्टोव्हच्या भडक्यात किती घरांतल्या बायका भाजल्या, हे आपण विसरू नये. पण मोठा सिलिंडर पाठीवर घेऊन डोंगर चढता येत नाही.

डोंगरासाठी छोट्या डब्या निघाल्या त्या परदेशात, आणि प्रत्येक कंपनीनं आपलं तोंड वेगळं केलं. फ्रान्समध्ये कॅम्पिंग गॅझनं भोक पाडून बसवायच्या डब्या रूढ केल्या. त्या एकदा बसवल्या की संपेपर्यंत काढता येत नाहीत. नंतर आट्यांच्या, आपोआप बंद होणाऱ्या झडपेच्या बुटक्या डब्या आल्या. आज बहुतेक गिर्यारोहक त्या वापरतात. तिसरी जात लांबट डब्यांची, कडेला खाच असलेली. ती मुळात टेबलावरच्या शेगडीसाठी. आपल्याकडे हीच सहज मिळते, आणि मुलींच्या हाती हीच पडली.

शिवाय आतला वायूही बघावा लागतो. ब्यूटेन शून्याखाली अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे थंडीत तो डबीत द्रवच राहतो आणि ज्योत मरते. आयसोब्यूटेन उणे १२ च्या आसपास उकळतो, प्रोपेन उणे ४२ ला. नुसता प्रोपेन पातळ पत्र्याच्या डबीत भरता येत नाही, दाब फार, म्हणून मिश्रण करतात. घरचा सिलिंडर एकसारखा चालला की त्याला घाम फुटतो, तसंच डबीचं होतं. वायू होताना द्रव स्वतःचीच उष्णता घेतो आणि डबी आणखी गार पडते.

तर आपल्या मुलांसाठी चार गोष्टी. निघण्यापूर्वी डबीच्या तोंडाचा फोटो मुक्कामाच्या गावातल्या दुकानदाराला पाठवा. दुकानातच स्टोव्ह बसवून, पाणी उकळून बघा. लांबट डबीला आट्यांचा स्टोव्ह जोडणारा अडॅप्टर मिळतो, तो जवळ ठेवा, पण उभ्या गार डोंगरात ब्यूटेनवर विसंबू नका. रेल्वेतून गॅस किंवा रॉकेल नेऊ नका. रेल्वे कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि डब्यात दुसऱ्यांची मुलंही बसलेली असतात. घरच्या सिलिंडरमधून छोटी डबी भरायचा उद्योग तर कधीच नको.

त्या रात्रीचं आणखी एक नातीनं सांगितलं. गद्दी म्हाताऱ्यानं शेकोटीत लाकडं मोजून घातली, कारण त्या उंचीच्या पुढे झाड नाही आणि वर जाताना त्यांना ती पाठीवरून न्यायची होती. सकाळी मुलींनी आपला तांदूळ आणि डाळ त्यांच्याकडे ठेवली. पैसे त्यांनी घेतले नाहीत.

मी तिला महाराजांच्या पत्रातली ती फाट्यांची ओळ काढून दाखवली. तिनं ती दोनदा वाचली. यंदा ती पुन्हा जाणार आहे. स्टोव्ह तोच आहे, डबी कुठल्या दुकानात मिळेल हे तिनं आधी विचारून ठेवलं आहे.