मार्क नॉफ्लर : एका दौऱ्याची आठवण जपणारे बेंगळुरू

बेंगळुरू : ब्रिटिश रॉक गीतकार, गायक आणि गिटारवादक मार्क नॉफ्लर यांनी भारतात एकच दौरा केला. मार्च २००५ मधील या दौऱ्यात मुंबई आणि बेंगळुरू या दोन शहरांत त्यांचे कार्यक्रम झाले. बेंगळुरूचा कार्यक्रम पॅलेस ग्राउंड्सवर झाला. त्यानंतर ते पुन्हा भारतात आले नाहीत. तरीही या शहरातील रॉक संगीताच्या रसिकांमध्ये त्यांच्याविषयीचा जिव्हाळा ओसरलेला नाही. कॅसेटच्या काळात त्यांची गाणी ऐकू लागलेल्या पिढीची मुले आता त्याच गाण्यांवर गिटार शिकत आहेत.

पत्रकारितेतून संगीताकडे

नॉफ्लर यांचा जन्म १२ ऑगस्ट १९४९ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला आणि बालपण ईशान्य इंग्लंडमध्ये गेले. तरुणपणी त्यांनी लीड्स येथील 'यॉर्कशायर इव्हनिंग पोस्ट' या वृत्तपत्रात वार्ताहर म्हणून काम केले. लीड्स विद्यापीठातून इंग्रजीची पदवी घेतल्यानंतर काही काळ अध्यापनही केले. धाकटे बंधू डेव्हिड, जॉन इल्स्ली आणि पिक विदर्स यांच्यासह १९७७ मध्ये त्यांनी 'डायर स्ट्रेट्स' हा वाद्यवृंद स्थापन केला, तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते.

वार्ताहराची नजर त्यांच्या गीतलेखनात कायम राहिली. 'सुलतान्स ऑफ स्विंग' हे पहिले गाजलेले गीत लंडनमधील एका पबमध्ये मोजक्या श्रोत्यांपुढे वाजवणाऱ्या जॅझ वादकांवर आहे. 'मनी फॉर नथिंग' हे गीत न्यूयॉर्कमधील घरगुती उपकरणांच्या दुकानात कानी पडलेल्या एका कामगाराच्या बोलण्यातून साकारले. 'ब्रदर्स इन आर्म्स' या गीताला १९८२ च्या फॉकलंड युद्धाची पार्श्वभूमी आहे. 'व्हाय आय मॅन'मध्ये रोजगारासाठी जर्मनीला गेलेल्या ईशान्य इंग्लंडमधील कामगारांची व्यथा येते. स्वतःविषयी फारसे न बोलता इतरांची गोष्ट सांगणे, हे या गीतांचे वैशिष्ट्य आहे.

यश आणि त्यापासून अंतर

१९८५ मध्ये आलेल्या 'ब्रदर्स इन आर्म्स' या अल्बमच्या जगभरात तीन कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रसाराला ज्या ध्वनिमुद्रणांनी गती दिली, त्यांत या अल्बमचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. मात्र प्रचंड सभागृहे आणि वर्षानुवर्षे चालणारे दौरे यांचा भार वाढत गेला. 'ऑन एव्हरी स्ट्रीट' या १९९१ च्या अल्बमनंतरचा प्रदीर्घ दौरा अखेरचा ठरला आणि १९९५ मध्ये डायर स्ट्रेट्स विसर्जित झाले. त्यानंतर मोठ्या आर्थिक लाभाची शक्यता असूनही नॉफ्लर यांनी जुना संच पुन्हा उभा केला नाही. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने २०१८ मध्ये डायर स्ट्रेट्सचा गौरव केला, त्या सोहळ्यालाही ते उपस्थित राहिले नाहीत.

'गोल्डन हार्ट' (१९९६) पासून त्यांची स्वतंत्र कारकीर्द सुरू झाली. 'सेलिंग टू फिलाडेल्फिया' (२०००) मध्ये त्यांनी अठराव्या शतकातील मेसन आणि डिक्सन या सर्वेक्षकांची कथा गायली. मार्च २००३ मध्ये लंडनमध्ये झालेल्या मोटारसायकल अपघातात त्यांचे खांद्याचे हाड आणि सात बरगड्या मोडल्या आणि अनेक महिने गिटार हाती घेणे अशक्य झाले. त्यातून सावरून त्यांनी २००४ मध्ये 'शांग्री-ला' हा अल्बम केला. भारताच्या वाट्याला आलेला दौरा याच अल्बमनिमित्तचा होता. त्यामुळे बेंगळुरूच्या श्रोत्यांनी जे ऐकले, ते अपघातानंतर पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिलेल्या कलावंताचे वादन होते.

बेंगळुरूच का?

या शहरातील पाश्चात्त्य संगीताची मुळे १८०९ मध्ये वसलेल्या लष्करी छावणीपर्यंत जातात. लष्करी बँड, चर्चमधील वृंदगान आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांतील संगीत यांतून हा वारसा वाढला. पुढे सार्वजनिक क्षेत्रातील कारखाने, संशोधन संस्था आणि महाविद्यालयांमुळे देशभरातील तरुण येथे आले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पब संस्कृती रुजली. रेस्ट हाऊस रोडवरील 'पेकोस'सारख्या ठिकाणी जुने रॉक संगीत ऐकवले जाऊ लागले. परगावातून आलेल्या, मातृभाषा वेगवेगळ्या असलेल्या तरुणांना हे संगीत आपसांत जोडणारा धागा ठरले.

नॉफ्लर यांची वादनशैलीही या जवळिकीचे एक कारण आहे. ते डावखुरे असूनही उजव्या हाताची गिटार वाजवतात आणि बहुतेक वेळा पट्टीऐवजी बोटांनी तारा छेडतात. स्वरावरून स्वरावर घसरत जाणारे त्यांचे वादन मींडीला सरावलेल्या भारतीय कानाला परके वाटत नाही. गायन संभाषणासारखे शांत असल्याने भावनेचा मोठा भार गिटारच उचलते.

मैदान आणि मैफल

नव्या शतकाच्या पहिल्या दशकात पॅलेस ग्राउंड्स हे आंतरराष्ट्रीय रॉक कार्यक्रमांचे देशातील प्रमुख केंद्र होते. रॉजर वॉटर्स (२००२), रोलिंग स्टोन्स (२००३) आणि आयर्न मेडन (२००७) यांनी येथे कार्यक्रम केले. आयर्न मेडनचा तो भारतातील पहिलाच कार्यक्रम होता. या जागेच्या संपादनासाठी राज्य सरकारने १९९६ मध्ये केलेल्या कायद्याला म्हैसूरच्या राजघराण्याने न्यायालयात आव्हान दिले आणि हा वाद दशकानुदशके रेंगाळला. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांवरील निर्बंध आणि उपाहारगृहांतील संगीतासाठी पोलीस परवान्याची अट यांमुळे लहान वाद्यवृंदांपुढील अडचणी वाढल्या. ज्या शहराने परदेशी कलावंतांना हजारो श्रोते दिले, त्याच शहरात स्थानिक वादकाला हक्काची जागा मिळणे कठीण झाले. रॉकप्रेमींच्या आठवणींना असलेली हळहळीची किनार केवळ गतकाळाची नाही, ती या प्रश्नाशीही जोडलेली आहे.

पुढे काय?

नॉफ्लर यांचा अखेरचा मोठा दौरा सप्टेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क येथे संपला. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी आपल्या संग्रहातील शंभराहून अधिक गिटारींचा लंडनमध्ये लिलाव केला. त्यातून ८८ लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली आणि तिचा चौथा हिस्सा सेवाभावी संस्थांना देण्यात आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'वन डीप रिव्हर' हा अल्बम प्रसिद्ध झाला. लेखन आणि ध्वनिमुद्रण सुरू असले, तरी दौऱ्यांपासून ते दूर आहेत.

त्यामुळे बेंगळुरूला ती मैफल पुन्हा मिळण्याची शक्यता फार थोडी आहे. मात्र 'सुलतान्स ऑफ स्विंग'मधील वादकांना टाळ्यांची वा गर्दीची पर्वा नसते. दिवसभराचे काम आटोपून ते केवळ आनंदासाठी वाजवतात. नोकरी सांभाळून आठवड्याच्या अखेरीस एकत्र येणाऱ्या या शहरातील हौशी वादकांना ते गीत आपले वाटते, यात नवल नाही.