दिनविशेष : ४ ऑक्टोबर २०१८ – पृथ्वी शॉचे कसोटी पदार्पणात शतक

राजकोटमध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या पहिल्या कसोटीत सलामीला आलेल्या मुंबईच्या पृथ्वी शॉने १५४ चेंडूंत १३४ धावा फटकावल्या. वय होते १८ वर्षे ३२९ दिवस. पदार्पणात कसोटी शतक करणारा तो सर्वांत तरुण भारतीय ठरला. पहिल्याच षटकात के. एल. राहुल शून्यावर बाद झाला होता. तरी पृथ्वीने हात आखडता घेतला नाही. ऑफ स्टंपबाहेर जरा आखूड चेंडू मिळाला की तो मागच्या पायावर जाऊन पॉइंटकडे पिटाळायचा. शतक ९९ चेंडूंत पूर्ण झाले आणि चेतेश्वर पुजारासह त्याने २०६ धावांची भागीदारी रचली.

विरारचा हा मुलगा किटबॅग घेऊन लोकलने वांद्र्याला सरावाला जात असे. २०१३ मध्ये, चौदाव्या वर्षी, हॅरिस शील्डमध्ये रिझवी स्प्रिंगफिल्डसाठी त्याने ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. अर्थात शालेय विक्रमांपुढे रणजीचा उंबरठा फार उंच असतो. तोही त्याने दणक्यात ओलांडला : जानेवारी २०१७ मध्ये तमिळनाडूविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, राजकोटलाच, पदार्पणात १२० धावा. त्याच वर्षी दुलीप करंडकातही पदार्पणातच शतक. २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला.

राजकोट कसोटी भारताने एक डाव आणि २७२ धावांनी जिंकली. सामनावीर आणि पुढे मालिकावीरही पृथ्वीच ठरला.