करार, कौल आणि वहिवाट

कमरीपेठेसारख्या व्यापारी पेठेत 'करार' हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. घर भाड्याने द्यावयाचे असो, भागीदारी मांडावयाची असो, कराराचा कागद आधी होतो. परंतु हाच शब्द जेव्हा एका धर्मग्रंथाच्या मुखपृष्ठावर येतो, तेव्हा विचारी वाचकाने क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या दोन खंडांस मराठीत 'जुना करार' व 'नवा करार' म्हणतात. कोंकणीत 'नवो करार' म्हणतात, आणि आमचे कानडी शेजारी 'ओडंबडिके' म्हणतात; त्याचाही अर्थ करारच. बासेल मिशन धारवाडास 1837 साली व हुबळीस 1839 साली आले. तेव्हापासून हे शब्द या मुलखाच्या कानांवर आहेत. धर्माच्या ग्रंथास कायद्याचे नाव का, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारला आहे.

मूळ हिब्रू शब्द 'बरीथ'. यहुदी पंडितांनी आपल्या ग्रंथांचे ग्रीक भाषांतर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून आरंभिले, तेव्हा त्यांनी या शब्दासाठी 'दियाथेके' हा शब्द योजिला. ग्रीकमध्ये समान पक्षांच्या करारास वेगळा शब्द होता. 'दियाथेके' म्हणजे एका पक्षाने केलेली व्यवस्था, आणि व्यवहारात मृत्युपत्रही. लॅटिनमध्ये त्याचे 'टेस्टामेंटुम' झाले व इंग्रजीने तेच उचलले. कायद्याच्या दृष्टीने करार व मृत्युपत्र यांत केवढे अंतर आहे! कराराला दोघांची संमती लागते. मृत्युपत्र एकट्याच्या इच्छेने होते व त्याच्या मृत्यूनंतरच अमलात येते. नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताच्या मरणाचा अर्थ याच द्व्यर्थावर उभा केला आहे. मराठी भाषांतरकारांनी मृत्युपत्राचा अर्थ बाजूस ठेवून 'करार' हा शब्द पत्करला व हिब्रू मुळाशी अधिक इमान राखले. त्यांच्याही आधी, 1616 साली राचोल येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात फादर स्टीफन्स यांनी निराळा मार्ग धरला होता. त्यांनी दोन भागांस पैले पुराण व दुसरे पुराण म्हटले. ज्या समाजाला पुराण ऐकण्याची सवय होती, त्याला त्यांनी पुराणच दिले.

तरीही 'करार' या शब्दात सर्व अर्थ मावत नाही. आमच्या जुन्या दफ्तरांत त्याच्या जोडीला दुसरा शब्द आहे, तो 'कौल'. दुष्काळाने वा फौजेच्या धामधुमीने गाव ओस पडला की राज्यकर्ता रयतेस कौल देई: निर्भय मनाने परत या, जमीन लावा, पहिली काही वर्षे सारा हलका घेऊ. येथे शब्द देणारा वरिष्ठ असून बांधला जातो तोच. अब्राहामाशी झालेला पहिला 'बरीथ' या जातीचा आहे. प्राचीन रिवाज असा की, पशू कापून त्यांचे दोन भाग समोरासमोर मांडावयाचे व त्यांमधून चालत जावयाचे. वचन मोडीन तर माझीही गत अशीच होवो, हा त्याचा अर्थ. उत्पत्तीच्या पुस्तकातील कथेत मात्र अब्राहाम गाढ झोपेत असतो व त्या तुकड्यांमधून केवळ धूर आणि ज्वाला जाते. बांधून घेतला तो देवाने एकट्याने. पुढे सीनाय पर्वतापाशी मोशेने लोकांपुढे आज्ञा वाचल्या, लोकांनी पाळण्याचे कबूल केले, आणि यज्ञपशूचे अर्धे रक्त वेदीवर व अर्धे लोकांवर शिंपडले गेले. हा खरा उभयपक्षी करार. यहुदी विचारातील सारा ताण या दोहोंमध्ये आहे. लोकांनी अटी मोडल्या तर करार संपला म्हणावा, की कौल अजून उभाच आहे?

अशा करारांचा साचा त्या काळच्या राजकारणातून आला असावा, असे जॉर्ज मेंडेनहॉल या विद्वानाने 1954 साली दाखविले. हित्ती सम्राट मांडलिकांशी तह करीत, त्यांत आधी केलेल्या उपकारांचे स्मरण, मग अटी, मग साक्षीदार देव, शेवटी आशीर्वाद व शाप असत. बोगाझक्योई येथे सापडलेल्या, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातील हित्ती व मितन्नी यांच्या तहात साक्षीदारांमध्ये मित्र, वरुण, इंद्र व नासत्य ही आपलीच वैदिक नावे आहेत. 'मित्र' या शब्दाचा मूळ अर्थच करार, असे आंत्वान मेये याने 1907 साली प्रतिपादिले होते. फरक इतकाच की, मितन्नींच्या तहात देव साक्षीदार आहेत. इस्राएलाच्या करारात देव स्वतः पक्षकार आहे. आपल्या विवाहात अग्नी साक्षी असतो, पक्षकार नव्हे. आपल्याकडे देवाशी जवळजवळ करार होतो तो नवसात. पण तेथे अट घालणारा माणूस असतो. जो पक्षकार आहे त्याच्याकडे दादही मागता येते. म्हणूनच यहुदी ग्रंथांत अब्राहाम देवाशी वाद घालतो, आणि मीखाच्या पुस्तकात देव पर्वतांना साक्षीस बोलावून आपल्याच लोकांवर दावा लावतो.

यिर्मया संदेष्ट्याने दगडी पाट्यांऐवजी हृदयावर लिहिल्या जाणाऱ्या नव्या कराराचे भाकीत केले. शेवटच्या भोजनाचा प्याला हाच तो नवा करार, असे ख्रिस्ती मानतात. पौलाने सुंतेची अट अन्य देशीयांवरून उठविली. मग जुना करार रद्द झाला काय? शतकानुशतके ख्रिस्ती धर्मपीठांवरून 'होय' असेच उत्तर दिले गेले, आणि त्याची किंमत यहुद्यांनी मोजली. 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पौलाच्याच शब्दांचा आधार घेऊन, देव आपली देणगी परत घेत नाही, असे मान्य केले.

या प्रश्नाची कसोटी आमच्या कोंकणातच लागली आहे. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की, अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून त्यांचे पूर्वज किनाऱ्यास लागले. ग्रंथ गेले, हिब्रू गेली. ते तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले, दिवेकर, राजपूरकर अशी गावावरून आडनावे लावू लागले. पण आठव्या दिवशी मुलाची सुंता व शनिवारची विश्रांती त्यांनी सोडली नाही. गावाने त्यांस 'शनिवार तेली' म्हटले ते याचमुळे. ग्रंथात या दोन्ही गोष्टींस कराराच्या खुणा म्हटले आहे. वकिलाच्या भाषेत, दस्तऐवज हरवला परंतु वहिवाट अखंड राहिली. सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत प्रार्थनामंदिर बांधले, तेव्हा त्या वहिवाटीस घर मिळाले. यहुदी परंपरेत सुंतेच्या वेळी एलिया संदेष्टा साक्षी मानतात. बेने इस्राएल याच एलियाहू हन्नबीला नवस करतात व पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा करतात. करार आणि नवस येथे एकाच ताटात आले आहेत.

पुढे यांतील पुष्कळजण इस्रायलला गेले. तेथे 1962 साली मुख्य धर्मपीठाने, त्यांचा विवाह लावण्यापूर्वी पिढ्यांची चौकशी करावी, असे आदेश काढले. शतकांची वहिवाट असलेल्यांकडे कागद मागितला गेला! 1964 साली त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि त्याच वर्षी तेथील संसदेने ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असे जाहीर केले.

देवळांचे मानपान व हक्क यांवरून भांडणाऱ्या आपल्या समाजास हा इतिहास परका वाटू नये. आपलेही पुष्कळसे हक्क कागदावर नसून वहिवाटीवर उभे आहेत. पण नवगावच्या लोकांची वहिवाट मुख्यतः हक्काची नव्हती, कर्तव्याची होती. त्यांच्या जवळ मागण्यासारखे काही नसताना त्यांनी ती चालविली. आपल्या वहिवाटींतील किती हक्काच्या आणि किती कर्तव्याच्या, याचा हिशेब प्रत्येक देवस्थानाच्या मंडळींनी एकदा मांडून पाहावा.