कावसजीचें नाक आणि अनामिक शस्त्रवैद्य

मराठी भाषेनें माणसाची अब्रू नाकावर आणून ठेवली आहे. नाक वर करून चालणारा तो मानी, आणि ज्याचें नाक कापलें गेलें तो बेअब्रू. ही केवळ बोलण्याची रीत नव्हती. नाक कापण्याची शिक्षा पूर्वीं या देशांत खरोखरच दिली जात असे. जखम भरून येई, परंतु शिक्षा जन्मभर चेहऱ्यावर राही. गेलेलें नाक पुन्हा उभारण्याची विद्याही याच देशांत फार प्राचीन काळीं उदयास आली.

सुश्रुतसंहितेंत या क्रियेचें वर्णन आहे. झाडाच्या पानानें नाकाचें माप घ्यावें, तेवढी त्वचा गालावरून सोडवून नाकाच्या जागीं जोडावी, आणि श्वास चालू राहावा म्हणून नाकपुड्यांत नळ्या ठेवाव्या, असें तेथें सांगितलें आहे. पुढें ही विद्या पंडितांच्या पाठांतरापेक्षां कारागिरांच्या हातांत अधिक टिकली. त्याचा पुरावा पुण्याजवळचा आहे.

सन 1792 मध्यें संपलेल्या म्हैसूरच्या युद्धांत मराठे व इंग्रज टिपू सुलतानाविरुद्ध एकत्र होते. इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नांवाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. त्याच स्थितींत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. हातावर इलाज नव्हता, नाकावर होता. वर्षाहून अधिक काळ नाकावांचून काढल्यावर, 1793 सालीं, पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या जातीच्या, म्हणजे बहुधा कुंभार, माणसानें त्याला नवें नाक करून दिलें.

या कारागिरांची रीत अशी होती. मेणाचा पातळ पापुद्रा उरलेल्या नाकावर बसवून त्यास नाकाचा आकार द्यावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा, आणि त्याच्या कडेनें रेघ ओढून तेवढी त्वचा सोडवावयाची. दोन भुवयांमधील अरुंद पट्टी मात्र न तोडतां ठेवावयाची, कारण नव्या नाकाला रक्त पुरविणारी वाट तीच. जुन्या नाकाची कड सोलून ताजी केली कीं ती त्वचा अर्धी पिळून खालीं आणीत व तेथें बसवीत. सांध्यावर पाण्यांत मऊ केलेला कात लावून कापडाच्या पट्ट्या ठेवीत. चार दिवसांनीं तुपांत भिजविलेलें कापड. रोग्यानें पांच-सहा दिवस उताणें निजावयाचें. दहाव्या दिवशीं नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं ती पट्टी तोडीत. आजचे शस्त्रवैद्यही कपाळाच्या त्वचेनें नाक उभारतांना हा जोड साधारण तीन आठवड्यांनींच तोडतात. परंतु कावसजीच्या वेळीं आजची भूल नव्हती. ईथरची भूल 1846 सालापासूनची.

जेम्स वेल्स या चित्रकारानें जानेवारी 1794 मध्यें, शस्त्रक्रियेला दहा महिने झाल्यावर, कावसजीचें चित्र काढलें. त्यावरून केलेली छापील प्रतिमा व क्रियेचें वर्णन लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर 1794 च्या अंकांत आलें. मुंबईचा वैद्य टॉमस क्रूसो व त्याचा एक सहकारी यांनीं अशी क्रिया डोळ्यांनीं पाहिल्याचें त्यांत नमूद आहे. याच भारतीय रीतीनें लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें 1814 सालीं शस्त्रक्रिया केली, आणि 1816 सालीं आपल्या दोन यशस्वी प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तेथून ती युरोपांत पसरली.

पुढें हेतु पालटला. अमेरिकेंतील जॉन रो यानें 1887 सालीं नाकपुडीच्या आंतून आकार सुधारण्याची रीत मांडली, आणि बर्लिनच्या जाक जोसेफ यानें 1898 सालीं मोठें नाक लहान करण्याची शस्त्रक्रिया केली. गेलेलें नाक मिळविण्याबरोबरच असलेलें नाक मनाजोगें करणें हाही शस्त्रवैद्याचा विषय झाला.

असें नाक करून घेऊं इच्छिणारे आज जे प्रश्न विचारतात, ते या जुन्या प्रकरणाहून फार निराळे नाहींत. नाक कसें दिसेल? मेणाचा नमुना काय किंवा संगणकावरचें चित्र काय, तो अंदाज असतो, वचन नव्हे. किती दिवस लागतील? बाहेरचा आधार साधारण आठवड्यानें निघतो. परंतु सूज पुरती उतरून अखेरचा आकार दिसण्यास वर्षही लागतें. कावसजीचें चित्र दहा महिन्यांनंतरचें आहे, म्हणूनच त्याची साक्ष मोलाची. श्वासाचें काय? दहाव्या दिवसाचे बोळे हेंच सांगतात कीं, नाक आधीं श्वासाचें द्वार आहे, मग शोभेची वस्तु.

राहिला प्रश्न शस्त्रवैद्य निवडण्याचा. कावसजीपाशीं पदव्या तपासण्याचें साधन नव्हतें. आज तें आहे. वैद्याचें नांव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहींत आहे काय, त्यानें प्लास्टिक सर्जरीचें किंवा कान-नाक-घशाचें पदव्युत्तर शिक्षण घेतलें आहे काय, हें पाहतां येतें. परंतु पदवीनें सर्व उत्तरें मिळत नाहींत. नाकाच्या किती शस्त्रक्रिया त्यानें स्वतः केल्या, ते रोगी वर्षानंतर कसे दिसतात व कसा श्वास घेतात, भूल कोण देणार, रक्तस्राव किंवा जंतुदोष झाल्यास काय करणार, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्यास काय, हें स्पष्ट विचारावें. अशा प्रश्नांनीं चांगला वैद्य रागावत नाहीं. आणि शस्त्रक्रियेची गरज नसेल तर तसें सांगण्यास तो कचरतही नाहीं.

कावसजीच्या कथेंत रोग्याचें नांव राहिलें, चित्रकाराचें राहिलें, पाहणाऱ्या वैद्याचें राहिलें. ज्या हातांनीं नाक उभें केलें, त्यांच्या धन्याची मात्र लंडनच्या मासिकांत केवळ जात छापली गेली. जगभर गेलेल्या विद्येचा गुरु अनामिक राहिला, कारण त्याचें नांव कोणीं टिपून ठेवलें नाहीं. आजच्या रोग्यानें ती चूक करूं नये. आपल्या चेहऱ्यावर सुरी धरणारा हात कोणाचा, हा त्याचा पहिला प्रश्न असावा.