सीनेच्या दोन काठांवर : जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा कायदा

बीड जिल्ह्याच्या पश्चिमेला, आष्टी तालुक्याच्या कडेने सीना नदी वाहते. १९४८ पर्यंत हा प्रवाह दोन राज्यांना विभागत होता. अलीकडे निजामाचा बीड, पलीकडे इंग्रजांचा अहमदनगर जिल्हा. बालाघाटच्या माळांवर फासे लावून तितर, हरिण धरणाऱ्या पारध्याला आणि बैलांच्या तांड्यावर मीठ-धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्याला मात्र नदी म्हणजे केवळ पाणी ओलांडण्याची जागा होती. राज्यकर्त्यांना खटकली ती हीच गोष्ट. जो एका जागी राहत नाही, त्याच्याकडून सारा घेता येत नाही आणि त्याच्यावर नजरही ठेवता येत नाही.

१८७१ चा ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ या अस्वस्थतेतून जन्मला. विधेयक मांडताना जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या कायदेपंडिताने केलेल्या युक्तिवादाचा आशय असा : या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार. जातिव्यवस्थेचे हे अर्धवट आकलन थेट दंडविधानात उतरले. प्रथम उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू करता येईल असा झाला आणि १९२४ मध्ये त्याला एकत्रित रूप मिळाले.

त्याची यंत्रणा नीट पाहण्यासारखी आहे. सरकारने राजपत्रात एखाद्या जमातीचे नाव छापले की ती ‘गुन्हेगार’ ठरे, आणि त्या अधिसूचनेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे. मग नोंदवही, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडताना परवाना. नोंद झालेला माणूस संशयास्पद स्थितीत आढळला आणि तो चोरी करण्याच्या बेतात होता असे न्यायाधीशाला वाटले, तर चोरी घडलेली नसतानाही तीन वर्षांपर्यंत कैद होई. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारशाळेत ठेवण्याचाही अधिकार सरकारला होता. सोलापुरात तारेच्या कुंपणाची ‘सेटलमेंट’ उभी राहिली. तिथली माणसे शहरातल्या कापडगिरण्यांत राबत. सुरक्षेची व्यवस्था गिरणीमालकांना स्वस्त मजूरही पुरवत होती, हा योगायोग मानणे कठीण.

सरकारच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. वाटमारी खोटी नव्हती. घाटांतून जाणारा व्यापारी आणि खळ्यावर धान्य राखणारा कुणबी यांनाही संरक्षणाचा हक्क होता. परंतु दरोडा कोणी घातला हे शोधण्याऐवजी, दरोडा घालू शकेल असा समाज कोणता याची यादी करणे पोलिसांना सोपे होते. यादी झाली की तपासाची गरज संपे. खरा गुन्हेगार यादीबाहेरचा असेल, तर त्याच्या इतके सोयीचे दुसरे काही नव्हते.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झाले आणि जन्मावरून संशयित ठरवणारा कायदा समतेच्या व संचाराच्या हक्कांसमोर टिकणे अशक्य झाले. अनंतशयनम अय्यंगार समितीनेही तो रद्द करण्याचीच शिफारस केली. ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभर रद्द झाला. ‘विमुक्त’ हा शब्द तिथून आला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज चौदा नावे आहेत. बंजारा, कैकाडी, वडार, रामोशी, पाल पारधी, राज पारधी ही त्यांतली काही. फासेपारधी मात्र अनुसूचित जमातींत मोडतात. कैकाडी तर विदर्भात अनुसूचित जातीत आणि मराठवाड्यात विमुक्तांत! मोजणाऱ्याचा रकाना बदलला की माणसाची ओळखही बदलते.

कायदा गेला, नोंदवहीची सवय गेली नाही. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये त्या राज्याने सराईत गुन्हेगारांविषयी कायदा केला. तत्त्वतः फरक मोठा होता : आता जमात नव्हे, वारंवार शिक्षा झालेली व्यक्ती नोंदली जाणार होती. पण तपासाची वाट जुनीच राहिली. चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचे. त्यातच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा परंपरागत धंदाही बेकायदा ठरवला. वन्यजीवांसाठी तो आवश्यकच होता. पण फास ठेवून देणाऱ्याच्या हाती जमीन कोणी दिली नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्यातले लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये आले, तेव्हा पांढरपेशा वाचकाला हे जग आतून दिसले. पुढे रेणके आयोगाने २००८ च्या अहवालात सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे रद्द करण्याची शिफारस केली.

पाळत ठेवण्याच्या अधिकाराला मर्यादा घालण्याचे काम न्यायालयाने हळूहळू केले. खरक सिंग प्रकरणात १९६२ मध्ये रात्री-अपरात्री घरात घुसून तपासणी करणे अवैध ठरले, पण खासगीपणाला मूलभूत हक्क म्हणण्यास बहुमत तयार नव्हते. ती मान्यता यायला २०१७ उजाडले. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना पोलिसांच्या ‘हिस्ट्री शीट’चे नियम तपासण्यास सांगितले. मागास समाजांतल्या निरपराध माणसांची नावे केवळ पूर्वग्रहातून यांत चढतात, अशी त्यामागची चिंता होती. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, तुरुंगांतील जातिभेदावरच्या सुकन्या शांता प्रकरणात, विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणारे तुरुंग नियमावल्यांतले उल्लेख घटनाबाह्य ठरले. १९५२ नंतर तब्बल बहात्तर वर्षे ते छापील नियमांत शिल्लक होते.