घरासमोरचा रस्ता कोण ठरवतो?

घरासमोरील रस्ता किती रुंद असावा, पदपथ किती उंच असावा, बसथांबा कोठे असावा आणि वाहने कोणत्या बाजूला उभी राहावीत, हे प्रश्न रहिवाशांच्या रोजच्या जगण्याशी निगडित आहेत. त्यांची उत्तरे मात्र बहुधा महापालिकेच्या पथ विभागात किंवा सल्लागार कंपनीच्या संगणकावर तयार होतात. रहिवाशांना ती कळतात, ती जेसीबी दारात येऊन उभा राहिल्यावर. हा क्रम बदलावा, यासाठी पुण्यात गेल्या दोन दशकांत बरेच प्रयोग झाले. त्यातील काही टिकले, काही कागदावरच राहिले.

कायद्यातील जागा

शहरी कारभारात लोकसहभागाचा पाया ७४व्या घटनादुरुस्तीने घातला. १ जून १९९३ पासून ती अमलात आली आणि तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या. त्यापुढचे पाऊल म्हणून राज्याने २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ग्रामसभेच्या धर्तीवर शहरांत 'क्षेत्रसभा' घेण्याची तरतूद केली. काही मतदान केंद्रांच्या परिसरातील मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातील कामांचा प्राधान्यक्रम ठरवावा, ही त्यामागील कल्पना. ती अद्याप रुजलेली नाही. आपल्या भागात क्षेत्रसभा झाल्याचे सांगणारा पुणेकर शोधूनच काढावा लागेल.

प्रत्यक्षात उपयोगी पडतात त्या दोन जुन्या तरतुदी. पहिली महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती-सूचना नोंदविण्यासाठी मुदत मिळते आणि त्यांवर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याचा मसुदा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ८० हजारांहून अधिक हरकती आल्या. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि चार तज्ज्ञ अशा सात जणांनी त्या ऐकायच्या होत्या. समितीतच एकमत झाले नाही. अखेर २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा ताब्यात घेतला आणि २०१७ च्या जानेवारीत त्याला मंजुरी दिली. इतक्या मोठ्या संख्येने लोक हरकती घेतात, त्याचा एक अर्थ असा, की मसुदा तयार होत असताना त्यांना कोणी विचारलेले नसते.

दुसरी तरतूद महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० मधील. रस्त्याची नियमित रेषा बदलायची असेल, तर निर्णयाच्या किमान महिनाभर आधी जाहीर सूचना देणे आणि संबंधित रस्त्यावरही ती लावणे आवश्यक असते. हे कलम २०२० मध्ये एकाएकी चर्चेत आले. शहरातील सहा मीटर रुंदीचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव स्थायी समितीने मान्य केला होता. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नसल्याने जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडला आहे, असे समर्थकांचे म्हणणे होते. विरोधक विचारत होते, की रस्ता वाहतुकीसाठी रुंद होणार की चटईक्षेत्रासाठी? गल्लीतील झाडांचे आणि शांततेचे काय होणार? दोन्ही बाजूंना रहिवासीच होते, हे विशेष. 'नागरिकांचे मत' असे एकवचनी काही नसते, हे या वादाने स्वच्छ दाखवून दिले.

अंदाजपत्रकातील वाटा

पुणे महापालिकेने २००६-०७ च्या सुमारास नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक तयार करण्याची पद्धत सुरू केली. देशातील महापालिकांमध्ये असा उपक्रम सुरू करणाऱ्यांत पुणे आघाडीवर होते. क्षेत्रीय कार्यालयात किंवा संकेतस्थळावर मिळणारा अर्ज भरून आपल्या भागातील छोटे काम सुचवायचे, अशी ही पद्धत आहे. एका कामासाठी साधारण पाच लाख रुपयांची मर्यादा ठेवण्यात आली. क्षेत्रीय कार्यालय खर्चाचा अंदाज काढते, प्रभाग समिती प्राधान्य ठरवते आणि निवडलेली कामे आयुक्तांच्या अंदाजपत्रकात येतात.

पाच लाखांत उड्डाणपूल होत नाही, आणि तेच या योजनेचे बलस्थान आहे. खचलेला पदपथ, बसथांब्यावरील बाक, शाळेसमोरील पट्टे, बंद पडलेला पथदिवा अशी कामे याच रकमेत बसतात. ज्येष्ठ नागरिकाला भाजी आणायला जाताना फरक पडतो तो अशाच कामांनी. उणीव आहे ती पाठपुराव्यात. सुचविलेले काम का नाकारले, मंजूर काम कोठे अडले, हे अर्जदाराला सहसा आपणहून कळविले जात नाही. दोनदा अर्ज करून उत्तर न मिळालेला माणूस तिसऱ्यांदा अर्ज करीत नाही.

आधी चाचणी, मग बांधकाम

रस्त्याच्या रचनेबाबत पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि शहरी रस्त्यांच्या आरेखनाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्याच वर्षी औंधमध्ये स्मार्ट सिटी प्रकल्पात एक वेगळी रीत वापरण्यात आली. काँक्रीट ओतण्यापूर्वी रंग, शंकू आणि तात्पुरते अडथळे लावून नवी रचना रस्त्यावरच आखून दाखविण्यात आली. नकाशा वाचता न येणाऱ्यालाही रुंद पदपथ म्हणजे काय, हे चालून पाहता आले. पुढे पक्के पदपथ झाल्यावर चालणाऱ्यांची सोय झाली. वाहने उभी करण्याची जागा आणि रस्त्याची रुंदी कमी झाल्याची तक्रार दुकानदार व वाहनचालकांनी केली. चाचणीने मतभेद मिटत नाहीत. पण ते काम होण्याआधी, दुरुस्तीला वाव असताना पुढे येतात.

लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबर २०२१ रोजी पहिल्यांदा साजरा झालेला पादचारी दिन हाही चाचणीचाच प्रकार. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग त्या दिवशी वाहनांना बंद ठेवण्यात आला. पुढील वर्षांतही हा उपक्रम झाला.

याउलट वाहनतळ धोरण २०१८ मध्ये मोजक्या रस्त्यांपुरते मंजूर झाले. विरोधामुळे त्याची अंमलबजावणी मात्र रखडली. सर्वंकष सायकल आराखड्याचेही तसेच. नागरिकांशी चर्चा करून तयार झालेल्या आणि २०१७ मध्ये मंजूर झालेल्या या आराखड्यात ८२४ किलोमीटरचे मार्ग आखलेले होते. प्रत्यक्षात त्यातील थोडेच उतरले. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यानंतर दीर्घकाळ प्रशासकांनीच कारभार पाहिला. या काळात प्रभागाच्या पातळीवर जाब विचारायला लोकप्रतिनिधीच नव्हता.

बैठकीला कोण येतो?

सहभागाच्या बैठका बहुधा कामाच्या दिवशी, कार्यालयीन वेळेत होतात. तेथे सोसायट्यांचे पदाधिकारी, निवृत्त मंडळी आणि व्यापारी संघटना असतात. पहाटे पीएमपीच्या बसने येणारी घरकामगार, पथारीवाला, शाळकरी मुले, अंध व्यक्ती नसतात. रस्ता सर्वाधिक पायी वापरणारे मात्र हेच. बैठक बसथांब्यावर किंवा शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी घेतली, तर सूचना निराळ्या येतात. पथविक्रेत्यांसाठी २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीची तरतूद केली आहे. पदपथाच्या चर्चेत तिलाही बोलावायला हवे.

रहिवाशांनीही 'रस्ता सुधारा' एवढेच लिहिण्याऐवजी मोजमाप द्यावे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांनुसार निवासी भागातील पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. दोघांनी टेप घेऊन एक सकाळ फेरी मारली, की विजेचे डबे, पायऱ्या व पार्क केलेल्या दुचाकी धरून खरी रुंदी किती उरते, हे कागदावर येते. शाळेच्या वेळेत अर्धा तास उभे राहून रस्ता ओलांडणाऱ्यांची संख्या मोजणेही अवघड नाही. असा तक्ता आणि छायाचित्रे जोडलेला अर्ज बाजूला सारणे अभियंत्याला कठीण जाते.

अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यावा, प्रत पथ विभागाला आणि वाहतूक पोलिसांना पाठवावी. आवक क्रमांक व तारखेची पोच घ्यावी. त्या क्रमांकाच्या आधारे माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये अर्जावरील शेरे मागता येतात. उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे.